फिट, संशय, कानात आवाज आणि सीटीत गाठ : शाकाहारी बाईच्या मेंदूत जंत कसा, आणि उपचार कोणत्या क्रमाने?

तालुका_एमओ

नमस्कार मंडळी. ग्रामीण रुग्णालयातल्या एका रुग्णाबद्दल सल्ला हवा आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

बाई ३१ वर्षांची, वजन ४८ किलो, घर पूर्ण शाकाहारी. सहा आठवड्यांपासून सायकोसिस (भास-संशयाचा मनोविकार) : घरच्यांवर संशय, जेवणात कुणीतरी काही कालवतंय म्हणून ताट परत सारणं, दोन बायका आपल्याबद्दल बोलताना ऐकू येणं, झोप जेमतेम तीन तास. त्याआधी तीन महिने डोकेदुखी. दोन मोठ्या फिट येऊन गेल्या आहेत. शिवाय मधूनच ती टक लावून बघत बसते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हाताने पदर चुरगाळत राहते आणि मिनिट-दीड मिनिटाने भानावर येते. घरचे याला 'अंगात येणं' म्हणतात, उतारेही झालेत.

साध्या सीटीत मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागात (कानाजवळच्या) सूज आणि तिच्या मध्ये साधारण १२ मिमीची गाठ. उजव्या फ्रंटल (कपाळामागच्या) भागात कॅल्शियमचा ठिपका. रिपोर्टवर 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूतला जंत) किंवा ट्युबरक्युलोमा (टीबीची गाठ)' लिहिलंय. सध्या फिटसाठी फेनिटॉइन ३०० मिग्रॅ, भास-संशयासाठी हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ आणि त्याने अंग आखडू नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिग्रॅ दोनदा चालू आहे.

विचारायचं ते असं : हा मनोविकार गाठीमुळेच आहे असं धरायचं का? अल्बेंडाझोल (जंताचं औषध) लगेच सुरू करू का? स्टेरॉईडने सायकोसिस आणखी भडकेल ही भीती आहे. आणि नातेवाईक म्हणतात, 'आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, डुकराचा जंत कुठून आला?' त्यांना काय सांगू?

मनोविकार_ओपीडी

तुमच्या वर्णनातला सगळ्यात मोलाचा भाग पदर चुरगाळण्याचा आहे. टक लावणं, ओठ चघळणं, हाताची तीच ती हालचाल आणि नंतर काही न आठवणं म्हणजे टेम्पोरल लोबची फिट, आणि गाठही नेमकी तिथेच आहे. नातेवाईकांकडून मोबाईलवर त्या वेळचा व्हिडिओ मागवा. या फिट दिवसाला किती येतात हे कळल्याशिवाय सायकोसिसचा हिशोब लागणार नाही.

आता एक कोरा कागद घ्या आणि तारखा मांडा : मोठी फिट कधी, छोट्या फिट कधी, आवाज कधी सुरू झाले. फिटनंतरचा सायकोसिस बहुतेक वेळा लगेच येत नाही. फिट येते, रुग्ण शुद्धीवर येतो, एखाद-दोन दिवस, कधी आठवडाभर अगदी ठीक वागतो आणि मग एकदम बिथरतो. मधल्या त्या चांगल्या दिवसांमुळे फिटचा आणि वेडसरपणाचा संबंध कुणालाच लागत नाही. असा झटका काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतो. सहा आठवडे सलग चाललंय म्हणजे एक तर छोट्या फिट चालूच आहेत आणि प्रत्येक वेळी आगीत तेल पडतंय, नाहीतर गाठीभोवतालच्या सुजेचाच परिणाम आहे. ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) करून घ्या. झटके न देता चालू राहणारी फिट, म्हणजे नॉन-कन्व्हल्सिव्ह स्टेटस, बाहेरून हुबेहूब सायकोसिससारखी दिसते.

दुसरं, हे डिलिरियम (शारीरिक आजाराने शुद्ध-भान हरपणं) तर नाही ना? शनिवारपासून उलटे वार सांगायला लावा. सकाळी जमतंय आणि संध्याकाळी अडखळतेय, असं वरखाली होत असेल तर डिलिरियमकडे पारडं झुकतं. दिसणारे भास कानाच्या भासांपेक्षा जास्त असतील, तरीही तोच संशय.

गाठीमुळेच आहे का, याचं सरळ उत्तर : या बाईत बहुधा हो. पण म्हणून सीटीत ठिपका दिसला की प्रत्येक मनोविकार त्याच्या नावावर टाकायचा नाही. आपल्याकडे डोकेदुखीसाठी काढलेल्या सीटीतही जुना कॅल्शियमचा ठिपका सापडतो आणि त्या माणसाचा स्किझोफ्रेनिया त्या ठिपक्यापासून स्वतंत्र असू शकतो. फिट, नवी डोकेदुखी, घरात कुणालाही मानसिक आजार नसणं, अचानक सुरुवात, आणि लक्षणांशी जुळणाऱ्या जागी सूज असलेली जिवंत किंवा मरू घातलेली गाठ, हे सगळं एकत्र आलं तर संबंध धरावा. नुसत्या ठिपक्यावर नाही.

या आजारात सायकोसिसपेक्षा नैराश्य जास्त दिसतं, हेही लक्षात असू द्या. ब्राझीलमधल्या १९९७च्या ३८ रुग्णांच्या अभ्यासात ५२.६ टक्के जणांना नैराश्य होतं, सायकोसिस १४.२ टक्क्यांना. स्मरण आणि एकाग्रता तर बहुतेकांची घसरलेली होती. ती घसरण 'आळशी झाली, कामात लक्ष नाही' अशा तक्रारीच्या रूपात आपल्यासमोर येते.

औषधांबद्दल : ट्रायहेक्सिफेनिडिल बंद करता येईल का बघा. आखडणं, लाळ, थरथर नसेल तर ते कशाला? ते स्मरण बिघडवतं आणि डिलिरियमला खतपाणी घालतं. हॅलोपेरिडॉलऐवजी रिस्पेरिडोन रात्री १ मिग्रॅ, चार-पाच दिवसांनी २ मिग्रॅ. या मेंदूला नेहमीचे डोस जड जातात, अर्ध्यावर थांबा. क्लोझापिन आणि क्लोरप्रोमाझिन फिटचा उंबरठा खाली आणतात, म्हणजे फिट सहज येते, ते नकोत. महिनाभर टिकणारं डेपो इंजेक्शन तर मुळीच देऊ नका. हा सायकोसिस सूज उतरली की जाऊ शकतो आणि टोचलेलं औषध परत काढता येत नाही. पुढे नैराश्य दिसलं तर सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम चालेल, बुप्रोपियॉन नको.

चेता_विभाग

अल्बेंडाझोल लगेच नको. मेंदूतल्या जंताचं औषध ही कधीच तातडीची गोष्ट नसते. तातडी असते ती फिट थांबवण्याची आणि मेंदूचा दाब बघण्याची.

कारण समजून घेतलं की क्रम आपोआप लक्षात राहतो. जिवंत सिस्ट (जंताच्या पिल्लाची पाण्याने भरलेली पिशवी) शरीराची प्रतिकारशक्ती गप्प ठेवते, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. हिंदुस्थानात राहून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांवरच्या जुन्या नोंदींत संसर्ग आणि पहिली फिट यांत कित्येक वर्षांचं अंतर दिसतं. सिस्ट मरायला लागली की आवरण फाटतं, आतला ऐवज बाहेर झिरपतो आणि शरीर तुटून पडतं. सूज तेव्हा येते. म्हणजे अल्बेंडाझोल देऊन आपण हीच घटना मुद्दाम घडवतो. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी डोकेदुखी वाढणं, फिट येणं, वागणं बिघडणं हे त्यातूनच. स्टेरॉईडचं छत्र आधी उघडायचं आणि मग औषध, ते यासाठी.

आधी एमआरआय. टी१, टी२, फ्लेअर, कॉन्ट्रास्ट (शिरेतून रंगद्रव्य देऊन) आणि एसडब्ल्यूआय, हे एमआरआयचे सगळे प्रकार मागणीपत्रावर लिहून द्या, नाहीतर अर्धवट तपासणी होऊन येते. शोधायची गोष्ट म्हणजे स्कोलेक्स, जंताचं डोकं : पाण्याच्या थेंबासारख्या गोल सिस्टमध्ये एका कडेला चिकटलेला तीळ. तो दिसला की वादच मिटला. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयामध्ये राजशेखर आणि चांडी यांनी एकट्या गाठीसाठी घालून दिलेले निकष आजही कामाला येतात : गाठ २० मिमी किंवा त्याहून लहान, कॉन्ट्रास्ट घेणारी, मेंदूची मध्यरेषा सरकलेली नाही, दाब सतत वाढलेला नाही, लकवा वाढत चाललेला नाही आणि अंगात दुसरा सक्रिय आजार नाही. ट्युबरक्युलोमा बहुधा २० मिमीच्या पुढे, वेड्यावाकड्या काठाचा, दोन-तीन एकमेकांना चिकटलेले, आणि स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं दाखवणारा एमआरआय) लिपिडचा उंच सुळका देणारा असतो. छातीचा एक्स-रे आणि एचआयव्ही तपासणी दोन्ही कराच. एचआयव्ही असेल तर टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवीसुद्धा स्कॅनमध्ये गाठीभोवती असाच वेढा (कडं) दाखवतो.

शंका उरली म्हणून घाईने एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू नका. बाकी सगळं सिस्टिसर्कोसिसकडे बोट दाखवत असेल तर ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करा. गाठ वाढली तर मग बायोप्सी आणि टीबीचा विचार. स्टेरॉईडने ट्युबरक्युलोमाची सूजही काही दिवस उतरते, तेव्हा 'बरं वाटलं' हा पुरावा मानू नका.

रक्ताच्या चाचणीवर भिस्त नको. ईआयटीबी ही प्रतिपिंडांची चाचणी दोन किंवा अधिक सिस्ट असतील तर फार चांगली, पण एकटी गाठ असेल तेव्हा बऱ्याच वेळा निगेटिव्ह येते. साध्या एलायझा चाचणीत हायडॅटिड हा दुसराच जंतसुद्धा पॉझिटिव्ह दिसतो. इओसिनोफिल (जंत असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नॉर्मल आहेत म्हणून जंत नाही, असंही नाही. त्यापेक्षा बोटांनी तपासा : दंड, छाती, पाठ, मांड्यांवर वाटाण्याएवढी, न दुखणारी, कातडीखाली सरकणारी गाठ मिळाली तर तिची बायोप्सी मेंदूतल्या गाठीचं निदान पक्कं करायला मोठा आधार देते.

औषधाआधी फंडस (डोळ्याचा आतला पडदा) बघणं टाळूच नका. त्यात दोन कामं होतात : पॅपिलिडीमा (मेंदूच्या दाबाने डोळ्याच्या नसेला आलेली सूज) आहे का कळतं, आणि डोळ्यात सिस्ट आहे का कळतं. डोळ्यात सिस्ट असताना अल्बेंडाझोल दिलं तर सुजेने दृष्टी जाऊ शकते. मेंदूभर असंख्य सिस्ट आणि सूज असेल, किंवा पाणी साठून हायड्रोसेफॅलस असेल, तर जंताचं औषध अजिबात नाही. तिथे आधी स्टेरॉईड किंवा शंट (पाणी काढून देणारी नळी). मान वळवली की एकदम डोकं फुटेल असं दुखणं आणि उलटी हे व्हेंट्रिकलमधल्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीतल्या) सिस्टचं लक्षण. ती दुर्बिणीने काढतात.

सगळं साफ आलं तर ४८ किलोला असं : लघवीची गर्भचाचणी, सीबीसी, लिव्हर, साखर. प्रेडनिसोलोन १ मिग्रॅ दर किलो, किंवा डेक्सामेथासोन ०.१ मिग्रॅ दर किलो म्हणजे रोज साधारण ५ मिग्रॅ, अल्बेंडाझोलच्या निदान एक दिवस आधी सुरू. अल्बेंडाझोल १५ मिग्रॅ दर किलो म्हणजे ७२० मिग्रॅ होतं, व्यवहारात ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १० ते १४ दिवस. ते तेल-तुपाच्या जेवणाबरोबरच. रिकाम्या पोटी गोळी घेतली तर फार थोडं रक्तात उतरतं. तूप लावलेली पोळी आणि सायीचं दूध एवढंही पुरतं. दोनपेक्षा जास्त जिवंत सिस्ट असत्या तर प्राझिक्वांटेल हे जंताचं दुसरं औषध ५० मिग्रॅ दर किलो जोडलं असतं, इथे गरज नाही. स्टेरॉईड महिनोन् महिने लागणार असेल तर स्ट्राँगिलॉइड्स या आतड्यातल्या कृमीसाठी शौचाची तपासणीही आधी.

उजवीकडचा ठिपका म्हणजे मेलेला जंत. त्याला औषध नाही.

फिटसाठी लेव्हेटिरासिटाम ५०० मिग्रॅ दोनदा सुचवेन, कशाशीच भांडत नाही.

मनोविकार_ओपीडी

कशाशी भांडत नसेल, पण माणसाशी भांडायला लावतं. सर, आवाज ऐकणाऱ्या, संशयी, झोप उडालेल्या बाईला लेव्हेटिरासिटाम नको. चिडचिड, नैराश्य, कधी थेट सायकोसिस, हे सगळं त्याच्यावर दिसतं. नंतर कळेनासं होतं की दोष गाठीचा, स्टेरॉईडचा की गोळीचा. एकाच आठवड्यात तीन औषधं बदलली तर कुणालाच काही सांगता येणार नाही.

स्टेरॉईडच्या भीतीबद्दल : ती खरी आहे, पण डोसवर अवलंबून आहे. बॉस्टनच्या १९७२च्या प्रसिद्ध पाहणीत प्रेडनिसोन रोज ४० मिग्रॅपर्यंत असताना मानसिक त्रास १.३ टक्के रुग्णांना झाला, ४१ ते ८० मिग्रॅला ४.६ टक्क्यांना, ८० च्या पुढे १८.४ टक्क्यांना. डेक्सामेथासोन ५ मिग्रॅ म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण ३३ मिग्रॅ, तेव्हा या बाईला आपण सुरक्षित टोकाला आहोत. कुणी सवयीने डेक्सा ८ मिग्रॅ दिवसातून तीनदा लिहिलं तर तेच १६० मिग्रॅ होतात. गोळी सकाळी आठला द्या, दुपारनंतर नको, झोप आधीच गेलेली आहे. आणि भीतीपोटी स्टेरॉईड वगळून नुसतं अल्बेंडाझोल देणं ही जास्त मोठी चूक.

औषध_काउंटर

फेनिटॉइनकडे कुणी बघितलं नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन यांनी अल्बेंडाझोलचं कामाचं रूप रक्तात निम्म्याच्या आसपास कमी होतं, प्राझिक्वांटेल तर त्याहून जास्त. डेक्सामेथासोन अल्बेंडाझोलची पातळी वाढवतं पण प्राझिक्वांटेलची घटवतं. हे ध्यानात न घेतल्यामुळे 'पूर्ण कोर्स झाला तरी सिस्ट तशीच' असे रिपोर्ट येतात.

व्हॅल्प्रोएट ३१ वर्षांच्या बाईला देऊ नये, पोटातल्या बाळाच्या दृष्टीने. लॅमोट्रिजिन मनाला चांगलं, पण डोसला पोचायला सहा आठवडे जातात. म्हणून फिटची गोळी लॅकोसामाइड : ईसीजीत पीआर अंतर (हृदयाचे ठोके पुढे जाण्याचा वेळ) बघून ५० मिग्रॅ दोनदा, आठवड्याने १०० मिग्रॅ दोनदा. ते वर पोचल्यावर फेनिटॉइन दर आठवड्याला १०० मिग्रॅने उतरवा, एकदम तोडू नका. मधल्या काळात रात्री क्लोबाझाम १० मिग्रॅ पूल म्हणून ठेवता येतं, झोपेलाही मदत. एक सावधगिरी : फेनिटॉइनने यकृत वेगाने काम करत असतं, ते बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत रिस्पेरिडोनची पातळी चढू शकते. तेव्हा आखडणं दिसलं तर पार्किन्सनची गोळी जोडण्याआधी रिस्पेरिडोन कमी करा.

चेता_विभाग

मान्य. लॅकोसामाइडच बरं. गाठ लहान आहे, दाब नाही, तेव्हा फेनिटॉइन उतरेपर्यंत अल्बेंडाझोल दोन-तीन आठवडे थांबलं तरी काही बिघडत नाही.

कृमी_प्रयोगशाळा

नातेवाईकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, कारण त्याशिवाय ते औषध नीट देणार नाहीत. शेजारपाजाऱ्यांत 'चोरून खाल्लं असेल' अशी कुजबुजही होते, आणि ती बाईवर उलटते.

टीनिया सोलियमची, म्हणजे डुकराच्या फीतकृमीची, दोन रूपं आहेत. डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात फीतकृमी होतो, दोन ते चार मीटर लांब. मेंदूत तो जात नाही. मेंदूत जातं ते त्या फीतकृमीच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू, आणि अंडी येतात फीतकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून : न धुतलेल्या हातांतून, उघड्यावरच्या शौचातून शेतात, पाण्यात, कोथिंबिरीच्या जुडीत. एका पिकलेल्या तुकड्यात ५० हजारांच्या आसपास अंडी असतात आणि ती बाहेर पडल्या क्षणी संसर्ग करू शकतात. म्हणून मेंदूतला जंत शाकाहारी माणसालाही होतो. या बाईने काय खाल्लं हा प्रश्नच चुकीचा. तिच्या ताटापर्यंत कुणाचा हात पोचला, हा खरा प्रश्न.

घरातल्या आणि रोज बाहेरून येणाऱ्या स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांची शौचाची तपासणी करा, वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने. विचारताना 'जंत आहेत का' असं विचारू नका, सगळे नाही म्हणतात. 'शौचात भिजलेल्या चपट्या शेवयीसारखे पांढरे तुकडे दिसतात का' असं विचारा. अंड्यांवरून गाईचा फीतकृमी की डुकराचा हे कळत नाही. तुकडा मिळाला तर पाण्यात ठेवून हातमोजे घालून पाठवा. गर्भाशयाच्या फांद्या एका बाजूला ७ ते १३ असतील तर सोलियम. फीतकृमी सापडला तर निक्लोसामाइड २ ग्रॅम एकदाच, गोळ्या चावून. ते आतड्यातून शोषलं जात नाही. प्राझिक्वांटेल कमी डोसमध्येही मेंदूपर्यंत पोचतं आणि लपलेली सिस्ट जागी करू शकतं, म्हणून ज्याला कधी फिट आली आहे त्याला ते टाळा.

'शाळेत जंताची गोळी घेतली होती' हेही ऐकू येईल. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची ४०० मिग्रॅची एक गोळी पोटातल्या जंतांसाठी आहे. मेंदूतल्या गाठीचा तो उपचार नाही.

भाजीचं : क्लोरीनने ही अंडी मरत नाहीत, पोटॅशियम परमँगनेटवरही विसंबू नका. पालेभाजी एकेक पान सुटी करून वाहत्या पाण्यात चोळून धुवायची, आणि घरात फीतकृमीचा रुग्ण असेपर्यंत कच्ची कोशिंबीर बंद. शिजवलं की अंडी मरतात.

तालुका_एमओ

खूप आभार. एमआरआय झाला : ११ मिमीचा वेढा, आत स्कोलेक्स स्पष्ट, दुसरी जिवंत गाठ नाही. फंडस साफ, गर्भचाचणी निगेटिव्ह, छाती आणि एचआयव्ही ठीक. व्हिडिओत दिवसाला तीन-चार छोट्या फिट दिसल्या. लॅकोसामाइड सुरू केलंय. पुढचं स्कॅन कधी, आणि गोळ्या कधी बंद करायच्या?

चेता_विभाग

स्कॅन सहा महिन्यांनी, लक्षणं वाढली तर आधी. सिस्ट शिल्लक असेल तर अल्बेंडाझोलचा कोर्स पुन्हा देता येतो. एकटी गाठ पूर्ण विरघळली आणि सहा महिने फिट नाही, तर फिटची गोळी हळूहळू उतरवता येते. पण ते कॅल्शियम नसलेल्यांसाठी. तुमच्या रुग्णाला आधीच एक ठिपका आहे आणि दोनपेक्षा जास्त फिट झाल्या आहेत, तेव्हा किमान दोन वर्षं धरून चाला. ठिपक्याभोवती अधूनमधून सूज येऊन नव्याने फिट येऊ शकते. त्या वेळी एमआरआय करा, नव्याने जंताचं औषध देऊ नका.

मनोविकार_ओपीडी

रिस्पेरिडोनसाठी मोजपट्टी वेगळी. छोट्या फिट थांबून आणि आवाज पूर्ण बंद होऊन तीन महिने गेले की दर दोन आठवड्यांनी अर्धा मिग्रॅ कमी करा. फिटची गोळी आणि ही गोळी एकाच महिन्यात कमी करू नका. अल्बेंडाझोलच्या पहिल्या आठवड्यात तिला रुग्णालयातच ठेवा आणि रोज तीन गोष्टी लिहून ठेवायला सिस्टरना सांगा : झोप किती तास, फिट किती, उलटे वार जमले का. घरी सोडताना नवऱ्याला सांगा की पुन्हा टक लावून बघायला लागली तर तारीख-वेळ वहीत लिहायची, आणि त्याच दिवशी फोन करायचा.